बागेतले बोंबील

पार्कात झाडांखाली फूड हॉल आणि बार सुरू होणार असं कळलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी स्टॉलसाठी अर्ज केला. याच पार्काच्या गेटबाहेर आई हातगाडीवर बोंबील तळायची. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने वासाची तक्रार केली आणि एका संध्याकाळी महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. आई हात जोडून म्हणाली, "दादा, एवढं तळून होऊ द्या." सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून उभा होता. गाडीवाले थांबायला तयार होते, पण त्याने स्वतः पुढे होऊन मसाला लावलेल्या बोंबलांची परात गटारात ओतली. मी चौदा वर्षांची होते. त्याचा चेहरा मी नीट पाहून ठेवला.

आता पार्कातल्या आमच्या स्टॉलवर आई मसाला लावते, मी तळते. गेल्या महिन्यात एका रविवारी, ऊन कलताना, तो आला. केस गेले होते, पण मी ओळखलं. सोबत मुलगा, सून आणि व्याही. बारमधून बिअर आणली, आमच्याकडून बोंबील. थोड्या वेळाने मुलगा दुसरी प्लेट मागायला आला. खरं तर आमच्याकडे ज्याने त्याने आपलं न्यायचं असतं. ती प्लेट मात्र मी स्वतः घेऊन गेले.

तो व्याह्यांना सांगत होता, "असे बोंबील मुंबईत दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत."

"काका, वास चालतो ना?" मी विचारलं.

"अहो, वासानेच तर ओढून आणलं!"

मग मी सगळं सांगितलं. आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात. व्याह्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. सून मान खाली घालून बसली.

"तेव्हा नियम होता तसा," तो पुटपुटला.

"परात ओतायचा नियम?"

मी दोन्ही प्लेटा उचलल्या आणि त्याच्या डोळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या केल्या. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच्या मुलाने फूड हॉलच्या मॅनेजरकडे तक्रार केली. मला लेखी ताकीद मिळाली. मी सही केली, माफी मागितली नाही.

आई मात्र चिडली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, म्हातारा झालाय.

"मासा कशाला फेकलास?" ती म्हणाली. "त्याला पोटभर खाव द्याचा व्हता, न मंग सांगाचा. आता तो बोलंल, मी खाल्लाच नाय."

तिचं बरोबर होतं. ते मला अजून खुपतं.

तो रोज सकाळी पार्कात फिरायला येतो. मी शटर उघडत असले, की मोठ्याने हाक मारते, "काका, या ना बोंबील खायला!" बाकीचे फिरणारे वळून बघतात. तो झपाझप पावलं उचलतो. मी पुन्हा हाक मारते.