सासूबाईंचे मोती, माझे दात

धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी एकच हट्ट धरला. तिला मोत्यांचा सर द्यायचा, तोही खऱ्या मोत्यांचा. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांना माहेरून, खारबावहून, मोत्यांची नथ आली होती. घामानं तिच्या मोत्यांचे पापुद्रे सुटले आणि आत काच निघाली. माहेरची वस्तू, म्हणून त्या इतकी वर्षं गप्प राहिल्या होत्या. मला सांगितलं ते या खरेदीपायी.

"मोती दातावर घासायचा," त्या म्हणाल्या. "खरखरला तर खरा. गुळगुळीत लागला तर न्हाय."

पण त्यांची कवळी होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे बघायचं मी, घासायचंही मीच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझी शाळा सकाळची. वर्गात ओरडून घसा बसलेला, शाळेशेजारी दिवसभर कापडाच्या लूमचा खडखडाट, आणि घरी येऊन जेवते न जेवते तोच सासूबाई दारात चपला घालून उभ्या. भिवंडीच्या बाजारातलं एकही दुकान आम्ही सोडलं नाही. ट्यूबलाइटखाली सगळेच मोती सारखे दिसायचे, म्हणून मी सर हातात घेऊन उन्हात, दुकानाच्या पायरीवर जायची. एका दुकानदाराला ते आवडलं नाही. दुसरा म्हणाला, "ताई, तोंडात नका घालू, गिऱ्हाइकं बघतात." मी तरी घासला. गुळगुळीत होता. सासूबाईंना मान हलवून सांगितलं आणि आम्ही बाहेर पडलो.

मग कल्याण झालं, मग ठाणं. ठाण्याला एका दुकानात सर चांगला निघाला. भोकाशी रंग उडालेला नव्हता, मोती हाताला गार लागत होते, एकही दुसऱ्यासारखा नव्हता. दातावर बारीक रेती घासल्यासारखं लागलं. मी तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "परत एकदा बघ." मी परत बघितलं. "अजून एकदा." माझे दात आंबल्यासारखे झाले होते. त्या दिवशी नणंदही बरोबर होती. तिनं एक मोती घासला आणि म्हणाली, "आई, मला काहीच कळत नाही. गुळगुळीतच वाटतो."

 माझ्यात वाद घालायचं त्राणच नव्हतं. सासूबाईंनी सर बोटांनी चाचपला. मग दुकानदाराला म्हणाल्या, "बांधा. सून सांगते तर खराच हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एवढंच आलं की आता बस लवकर मिळाली तर बरं. मिळाली नाही. घरी येऊन भाकऱ्या थापायला बसले तेव्हा माझे खांदे उचलवत नव्हते.

लग्न नीट पार पडलं. सासूबाईंनी मात्र सगळ्या आळीत सांगितलं की मोती पारखावा तर आमच्या सुनेनं. त्यानंतर कुणाच्याही घरी लग्न निघालं की मला बोलावणं यायचं.

एकदा आमच्या वरच्या मजल्यावरची कोकणी मुसलमान बाई आली. तिचा नवरा कुवेतला होता. त्यानं पाठवलेला सर तिनं माझ्या तळहातावर ठेवला. "बाई, जरा बघता का? तिथले मोती तर नावाजलेले, काय बघायचं, पण तरी."

हातात घेताच तो हलका लागला. मी घासला. गुळगुळीत. दुसरा मोती घासला, तिसरा घासला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही ना?" तिनंच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं सर उचलला, ओढणीच्या टोकानं एकेक मोती पुसला आणि गळ्यात घातला. "त्याला सांगू नका हं, सुट्टीवर आला की," ती म्हणाली. "त्यालाही कुणीतरी फसवलंच असणार."

मग ती बराच वेळ आमच्याकडे बसली. मी वह्या तपासत होते.