वत्सलाचं पान

वत्सला गेल्याचा फोन तिच्या मुलानं, अनिलनं केला. "मावशी, आई गेली," एवढंच बोलला तो. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? इथंही हिनंच आधी नंबर लावला... मैत्रिणीबद्दल असं कुणी लिहीत नाही, ठाऊक आहे मला. पण जन्मभर तिच्यावर जळत आले आणि आता गोडगोड लिहायला बसले, तर तिलाच ते पटायचं नाही.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मंगरूळपीरला बसस्टँडजवळच्या टायपिंग क्लासात आमच्या मशिनी शेजारीशेजारी होत्या. माझा हात विलक्षण जलद. सर सगळ्यांना सांगायचे, कमलची बोटं बघा. वत्सला मात्र कागद घालायच्या आधी नुसती बघत बसायची. मोठं शीर्षक मधोमध, अक्षरं सुटीसुटी. पोटशीर्षक डावीकडे, त्याखाली रेघ. परिच्छेदाची सुरुवात थोडी आत. हे एकदा ठरलं की पहिलं पान असो की शेवटचं, तिळमात्र फरक नाही. त्यासाठी तिनं काळ्या शाईच्या जाड रेघांचा एक कागदच आखून ठेवला होता. कोऱ्या कागदामागं तो लावायचा, रेघा पुढून पुसट दिसायच्या आणि मजकूर बरोबर जागेवर बसायचा. मी वैतागून म्हणायचे, "काऊन एवढा येळ लावून राह्यली व?" तर म्हणे, "एकदा ठरवलं का मंग डोक्शाले ताप नाई, कमे."

पुढं गावातल्या एका संस्थेत टायपिस्टची एकच जागा निघाली. दोघींनी अर्ज केला, दोघींना एकच अहवाल टाइप करायला दिला. माझा झालासुद्धा, मी हात पुसून बसले, तेव्हा ही दुसऱ्या पानावर होती. मला वाटलं, नोकरी खिशात. सेक्रेटरींनी दोन्ही अहवाल खिडकीजवळ नेले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "या बाईचं पान वाचायच्या आधीच समजते." तिला पंख्याखालची खुर्ची मिळाली. मी मशीन घेऊन तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली लोकांचे कागद टाइप करायला बसले. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. कागद पाहताक्षणी कुणीतरी म्हणावं, हे कमलचं काम आहे.

ते कुणी म्हणायचं नाव घेईना. माणसं निंबाखाली येत आणि सांगत, संस्थेतल्या वत्सलाबाई करतात तसं करून द्या. धनजचे एक मास्तर तर शाळेचा अहवाल घेऊन आले आणि मी माझ्या पद्धतीनं केलेलं पान पाहून म्हणाले, "बाई, हे जरा दाटीदाटीचं होऊन राह्यलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात ही स्वतः दुपारच्या सुट्टीत निंबाखाली आली आणि आपल्या त्या आखलेल्या कागदाची एक प्रत माझ्या मशीनवर ठेवून म्हणाली, "ठेव, तुले कामी येईन." भांडली असती तर बरं झालं असतं. देणाऱ्याशी भांडता येत नाही, हेच तर दुखणं होतं. कागद मी ठेवून घेतला. वापरलाही. पोट होतं मागं.

आता नातीनं मला कॉम्प्युटर शिकवला आहे. परवा सांगत होती, "आजी, शीर्षक कसं दिसावं ते एकदाच ठरवायचं, मग सगळीकडे आपोआप तसंच येतं. याला स्टाइल म्हणतात." मी म्हटलं, "मले नको शिकवू बाई. तिचं खरं नाव मले माहीत हाये."

अनिलनं पुण्यानुमोदनाची, म्हणजे आईच्या स्मरणविधीची, पत्रिका करायचं काम माझ्यावर सोपवलं. मी ठरवलं, ही तरी माझी. शीर्षक मुद्दाम डावीकडे घेतलं, सगळा मजकूर सलग केला, रेघ कुठंच नाही. मग वाचून पाहिली. त्या गर्दीत तिचं नाव हरवलं होतं. वत्सलाचं नाव असं कोपऱ्यात? ते मधोमध आणलं, अक्षरं जरा सुटी केली. ते सुटं झालं तर खालचा मजकूर आत सरकवावा लागला. मग वेळ आणि ठिकाण वेगळं दिसेना, म्हणून त्याखाली रेघ आली... एकेक करत सगळं जागेवर गेलं, तेव्हा कुठं माझ्या डोळ्यांना बरं वाटलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात माझ्या पुढच्या खुर्चीवर संस्थेतले एक जुने शिपाई बसले होते. पत्रिका हातात धरून शेजारच्याला म्हणाले, "पाह्य, वत्सलाबाईनं जाच्या आधी सोताच करून ठेवली."

मी सांगणार होते. ओठांवर आलं होतं, माझी आहे म्हणून. पण ती गेल्यापासून आलं नव्हतं ते रडू तेव्हाच आलं, आणि बोलायचं राहून गेलं.