भीती मोजायची चाचणी

आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, पोटात फुलपाखरं कशी उडतील? आत जातील कुठून?"

वर्ग हसला. मीही हसले, पण हातातल्या कागदाकडे बघून मनातून ओशाळले. मी तेव्हा अंबरनाथच्या एका मराठी शाळेत समुपदेशक म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. कोणत्या मुलाला परीक्षेची किती भीती वाटते हे बघायला माझ्याकडे एक प्रश्नावली होती. मूळ इंग्रजी, कुणीतरी शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलेली. पंधरावा प्रश्न होता, 'परीक्षेआधी माझ्या पोटात फुलपाखरं उडतात.' त्यापुढे 'कधीच नाही', 'कधी कधी', 'नेहमी' असे तीन गोल. गेलं वर्षभर मी हा कागद वाटत होते, गोल मोजत होते आणि पालकांना बोलावून त्यांच्या मुलाबद्दल काहीबाही सांगत होते.

त्या मुलीला मी विचारलं, "मग तुला काय होतं पोटात?"

"गोळा येतो," ती म्हणाली.

तेवढ्यावरून पुढची तीन वर्षं ठरली.

कॉलेजात मला संख्याशास्त्र शिकवणारे सर निवृत्त होऊन अंबरनाथलाच राहत होते. त्यांच्याकडे जाऊन मी सांगितलं, की या प्रश्नावलीचं मराठी मला नीट करून घ्यायचंय. सरांनी ती चष्मा वर करून वाचली, परत दिली आणि म्हणाले, "नीट करू नका. नवीन करा."

"मला जमेल?"

"तुम्हाला मुलं भेटतात, मला आकडे येतात. जमेल. पण वेळ लागेल, आणि मध्येच सोडायचं नाही."

सरांची पद्धत अशी, की प्रश्न आपण बसून लिहायचेच नाहीत, मुलांकडून घ्यायचे. मग मी शाळेशाळेत जाऊन कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव न घालता एकच गोष्ट लिहायची: पेपरच्या दिवशी तुला काय होतं? चिठ्ठ्यांनी दोन पिशव्या भरल्या. हात गार पडतात. सारखं बाथरूमला जावंसं वाटतं. पाठ केलेलं सगळं पुसलं जातं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एकाने लिहिलं होतं, 'दिमाग का दही होतं, टीचर.' आणि एकीने लिहिलं होतं, 'शेजारच्या मुलीने पुरवणी मागितली की माझं काळीज धडधडतं, कारण माझं अजून पहिलं पान चालू असतं.' हे वाचल्यावर मी कितीतरी वेळ ती चिठ्ठी हातातच धरून बसले. पुरवणीची ती धडधड मी स्वतः तीस वर्षांपूर्वी अनुभवली होती आणि साफ विसरले होते.

चिठ्ठ्यांमधून आम्ही प्रश्न काढले, सोपे केले, सत्तरच्या आसपास झाले. मग ते अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या तिन्ही गावांतल्या काही शाळांत वाटून बघितले. मी स्कूटीवर गठ्ठे घेऊन जायची, मुलं गोल रंगवायची, संध्याकाळी मी ते संगणकावर भरायची आणि सर दुसऱ्या दिवशी एकेका प्रश्नाचा निकाल लावायचे. जो प्रश्न घाबरणाऱ्या आणि न घाबरणाऱ्या मुलांमधला फरक दाखवत नाही, तो काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. मला ते फार जड गेलं.

एक प्रश्न मी स्वतः हौसेने घातला होता: 'परीक्षा जवळ आली की माझं अभ्यासात लक्ष लागत नाही.' कॅम्प दोनच्या शाळेत जवळपास सगळ्यांनी 'नेहमी' रंगवलं. मी खूश. सरांना म्हटलं, बघा, इथल्या मुलांना किती त्रास आहे. सर म्हणाले, "परत जा आणि विचारा, का लागत नाही."

मी गेले. मुलांनी सांगितलं, खाली जीन्स शिवायच्या मशीन चालतात, टीचर, दिवसभर धडधड. एकाचं घर दुकानाच्या माळ्यावर होतं, तिथे गिऱ्हाईक वर बघूनच भाव विचारायचं. एकजण म्हणाला, "परीक्षा नसली तरी लक्ष कुठं लागतंय? पण भीती नाय वाटत आपल्याला."

सर म्हणाले, "हा प्रश्न घर मोजतोय, मूल मोजत नाही. काढा."

मी हुज्जत घातली, पण काढला. नंतर माझ्या लक्षात आलं, की तो तसाच राहिला असता तर त्या वस्तीतली सगळी मुलं कागदावर घाबरट ठरली असती, आणि मीच पालकांना बोलावून तसं सांगितलं असतं. त्या दिवसापासून प्रश्न गळताना मला वाईट वाटायचं बंद झालं. पुरवणीचा प्रश्न मात्र प्रत्येक शाळेत टिकला. सर त्याच्यासमोर पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे.

शेवटी तीस प्रश्न उरले. आता एक मोठं काम बाकी होतं. तीच चाचणी त्याच मुलांना तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची आणि दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का बघायची. आज एक आणि तीन आठवड्यांनी भलतंच सांगणारी चाचणी काय कामाची? त्यासाठी आम्ही बदलापूर गावातली एक शाळा निवडली. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी नववीचा वर्ग दिला. मुलांनी नाव लिहायचं नाही, फक्त स्वतः ठरवलेली एक खूण लिहायची, म्हणजे दोन्ही कागद जुळवता येतील. मी वर्गाला शब्द दिला, की कोणाचा कागद कोणता हे मी शोधणार नाही.

पहिल्या फेरीत एक कागद असा आला, की तिसाच्या तीस प्रश्नांना 'कधीच नाही'. शून्य गुण.

"कंटाळून रंगवलाय," मी सरांना म्हटलं. "बाजूला काढू या?"

"कंटाळलेलं मूल एका रेषेत भराभर गोल रंगवतं, रंग बाहेर जातो," सर कागद उजेडात धरून म्हणाले. "हे बघा, एकेक गोल कसा नीट भरलाय. हे वाचून भरलंय सगळं."

"मग विचारायला हवं."

"शब्द दिलाय ना तुम्ही?"

दिला होता. शेवटी मी पुन्हा वर्गात गेले आणि सगळ्यांनाच सांगितलं, की प्रश्नांबद्दल कोणाला काही बोलायचं असेल तर शाळा सुटल्यावर मी अर्धा तास थांबणार आहे. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. पण एक मुलगी आली. दोन घट्ट वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं.

"बाई, मी सगळीकडे 'कधीच नाही' केलंय. ते चालतं ना?"

"खरं असेल तर चालतं."

"खरंच आहे."

"पेपरची अजिबात भीती वाटत नाही तुला?"

"आधी वाटायची. सातवीत लय वाटायची."

"आणि आता?"

बसची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने ती म्हणाली, "आता नववीनंतर शाळा नाहीच ना. मग पेपर कसा का जाईना."

मी विचारलं, शाळा नाही हे कोणी सांगितलं. ती म्हणाली, सांगायचं काय त्यात, चुलत ताईला नववीनंतरच घरी बसवलं. आई कारखान्यात पॅकिंगला जाते, घरात कोणीतरी लागतं. ती रडत नव्हती, रागावलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच तिने मनातल्या मनात शाळा सोडली होती आणि वर्गात मात्र रोज वेळेवर येत होती.

"मी तुझ्या आईशी बोलू का?"

तिने बराच विचार केला. "बोला. पण मी तक्रार केली असं वाटायला नको."

आईला सुट्टी होती त्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी तिला बोलावलं. खुर्चीच्या कडेवर बसलेली, पदर खोचलेला, आपल्याला का बोलावलंय या काळजीत. मी भीतभीतच सुरुवात केली. बोलणं फिसकटलं तर मुलीचंच नुकसान होणार होतं.

"मुलीच्या दहावीचं काय ठरवलंय तुम्ही?"

"काय ठरवायचा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "दहावीला बसंल ती. क्लासचा पन इचारून ठेवलाय मी."

मी मुख्याध्यापिका बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मग आम्ही मुलीलाच आत बोलावलं. तिने मान खाली घालून सांगितलं, की तिला वाटलं होतं आपल्याला घरी बसवणार.

"कोनी सांगला तुला?" आईने विचारलं.

"तूच. मी पाणी भरायला विसरलेली तेव्हा. म्हणालीस, नववी झाली की घरीच बसवते तुला."

आईला ते आठवायला वेळ लागला. आठवलं तसा तिचा चेहरा उतरला. "रागात बोलले असंन. ते धरून बसलीस? ताईचा येगला होता, तिला शालेत जावासाच वाटत नव्हता." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "दोन वर्सां तू मला येकदा तरी इचारायचा होता."

"विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?" मुलगी म्हणाली.

आईने हात लांब करून तिला जवळ ओढलं आणि तिच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधायला घेतली. बांधून झाल्यावरही तिने वेणी हातातून सोडली नाही. मुख्याध्यापिका बाई उगाचच टेबलावरची हजेरीची वही चाळत होत्या. मला वाटलं होतं, समजूत घालावी लागेल, चार वेळा यावं लागेल. प्रत्यक्षात मला काहीच करावं लागलं नाही. दोघींना एका खोलीत बसवायचं तेवढं बाकी होतं.

तीन आठवडे झाले आणि दुसरी फेरी घेतली. मुलं कागद टेबलावर ठेवून जात होती. ती मुलगी मात्र आपला कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "बघा तुम्ही."

मी बघितला. हात गार पडतात: कधी कधी. पाठ केलेलं विसरते: कधी कधी. शेजारच्याने पुरवणी मागितली की काळीज धडधडतं: नेहमी. मुलांची भीती कमी व्हावी म्हणून मी ही सगळी खटपट करत होते, आणि कोणाची तरी भीती वाढलेली बघून मला इतका आनंद झाला, की तो तिच्यापासून लपवताना माझी पंचाईत झाली.

"आता गणिताचं टेन्शन आलंय," ती कुरकुरली. "दोन वर्षांचं राहिलंय."

"ये मग शनिवारी. बघू काय काय राहिलंय ते."

ती शनिवारी आली, आणि पुढेही येत राहिली. मला गणित बेताचंच येतं. अडलं की मी सरांना फोन लावायची आणि सर स्पीकरवरून तिला शिकवायचे.

दोन्ही फेऱ्यांचा हिशोब लावून झाल्यावर सर म्हणाले, "तुमच्या या मुलीने माझा आकडा खाली आणला." दोन्ही वेळची उत्तरं जितकी जुळतील तितका आकडा वर जातो, आणि तिची तर पार उलटीपालटी झाली होती.

"तिचे कागद वगळायचे का?" मी विचारलं.

"कशाला? दोन्ही वेळा खरं बोललीय ती. अपुरी पडली ती आपली चाचणी." मग त्यांनी एक नवा प्रश्न लिहायला सांगितला: 'पुढच्या वर्षी मी शाळेत किंवा कॉलेजात असेन.' त्या एका प्रश्नासाठी सगळ्या शाळा पुन्हा फिराव्या लागल्या, आणखी एक वर्ष गेलं. चाचणीसोबत शिक्षकांसाठी जी छोटी पुस्तिका जाते, तिच्यात सरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की फार कमी गुण आले म्हणजे सगळं ठीक आहे असं धरू नये, त्या मुलाशी आधी बोलावं.

ती मुलगी दहावी झाली. गणितात जेमतेम, बाकी विषयांत चांगले गुण. आता अंबरनाथला अकरावी कॉमर्सला आहे. निकालानंतर तिची आई नदीकाठच्या शेतातल्या काकड्या घेऊन आमच्या घरी आली होती. अर्ध्या मी सरांकडे पोचवल्या. त्यांनी लगेच एक कापून खाल्ली आणि बाकीच्या फ्रिजमध्ये ओळीने लावून ठेवल्या.

चाचणी आता आमच्या भागातल्या बऱ्याच शाळा वापरतात. परवा चिखलोलीच्या एका नव्या शाळेतून एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, वर्गात दोघांचे गुण अगदीच कमी आलेत. पुस्तिकेत लिहिलंय म्हणून बसले त्यांच्याबरोबर. एकाला खरंच भीती वाटत नाही, पेपर सोडवायला मजा येते म्हणतो. दुसरी अजून काही बोलत नाहीये."

"मग?"

"उद्या डबा घेऊन तिच्या बाकावर बसणार आहे."

"बसा," मी म्हटलं. "घाई करू नका."