कानामागची जट

आमचा कुत्रा मला चावला, ही बातमी मला बायकोकडून कळली.

मी सोफ्यावर पेपर वाचत बसलो होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर, माझा हात त्याच्या कानामागे. तो एकदम उठला आणि पलंगाखाली गेला. मी म्हटलं गेला असेल, त्याची मर्जी. पान उलटलं. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. "अहो, हात पाहा तुमचा."

पाहिला. तर्जनीतून रक्त येत होतं. पेपरवर आलं होतं, सोफ्याच्या खोळीवर आलं होतं, पायजम्यावरही. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

माणसाला कुत्रा चावतो आणि माणूस खेळाचं पान काढतो, हे ऐकायला मजेदार आहे. मी हा किस्सा दोनतीन ठिकाणी सांगूनही पाहिला. लोक हसतात. पण मध्येच कोणीतरी विचारतं, "का चावला पण?" आणि तिथून पुढे किस्सा चालत नाही.

कुत्रा मुलीचा. लांब कानांचा, तुपाच्या रंगाचा स्पॅनियल. तिला पुण्यात नोकरी लागली, दिवाळीनंतर ती गेली, कुत्रा इथं आमच्याकडेच राहिला. जाण्याआधी तिने मला समोर बसवून शिकवलं. एक ब्रश होता आणि एक स्टीलचा कंगवा. केस बाजूला सारायचे, कातडी दिसली पाहिजे, मग मुळापासून थोडे थोडे केस विंचरायचे. ब्रश झाला की कंगवा. कंगवा अडला की समजायचं, तिथं गुंता आहे. कानामागे आणि बगलेत सगळ्यात आधी होतो. "बाबा, वरवर नका फिरवू," असं ती दोनदा म्हणाली.

मी तिला म्हटलं, पोरी, आपण कोष्टी आहोत, गुंता सोडवणं आपल्या रक्तात आहे. हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं. वस्तुस्थिती अशी की माग होता तो आजोबांचा, उमरेडला. वडिलांनी तो सोडून नोकरी धरली. मी पाहिला तेव्हा त्या मागावर गोवऱ्या रचलेल्या होत्या. सुताला हात लावला तो पतंगाच्या वेळी, आणि तेव्हाही चक्री धरायला मीच असायचो.

पण मी ब्रश रोज फिरवला. हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. रोज संध्याकाळी, चहा झाला की. पाठ, मान, शेपटी, कानाची वरची बाजू. कंगवा मात्र अडायचा. अडला की कुत्रा गुरगुरायचा, मग मलाही वाईट वाटायचं, म्हणून मी कंगवाच खणात टाकून दिला. उभी नोकरी सरकारी कचेरीत गेली. अडणारा कागद बाजूला ठेवायचा आणि सरकणारा पुढे सरकवायचा, एवढं एकच काम मला मन लावून करता येतं.

ब्रशाने वरचे केस असे चमकायचे की कॉलनीतले लोक थांबून पाहायचे. मुलगी व्हिडिओवर यायची तेव्हा मी त्याला खिडकीपाशी, उजेडात बसवायचो. "मस्त ठेवला बाबा तुम्ही," ती म्हणायची. लोक मला विचारायचे, पोरगी गेल्यावर घर खायला उठत असेल. मी म्हणायचो, नाही. आणि खरंच नाही. काही वाटतच नव्हतं. सकाळ व्हायची, पेपर यायचा, चहा व्हायचा, ब्रश व्हायचा.

याच काळातली माझी दुसरी लोकप्रिय गोष्ट चपलेची. प्रताप नगरात एका मित्राकडे गेलो होतो. घरी परत आलो तर एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा. कुठे सुटली, कळलंच नाही. मी ही गोष्ट इतकी रंगवली की मित्राच्या नातवंडांनी माझं नाव सिंड्रेला ठेवलं. बोटांना मुंग्या यायच्या, त्याचाही मी विनोद करून टाकला होता. साखर वाढली आहे हे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. मी गोड बंद केलं होतं. संत्रा बर्फी तेवढी खायचो, पण ती मी फळात धरत असे.

थंडीत मी आणि कुत्रा मोकळ्या प्लॉटांवरून फिरायला जायचो. आमच्याकडे अजून घरांपेक्षा प्लॉट जास्त. वाळलेलं गवत, कुसळं. ती त्याच्या केसांत शिरायची, वरून मी माझं जुनं बिनबाह्यांचं स्वेटर चढवून द्यायचो. आत काय चाललं आहे ते कोणाला दिसणार?

बायकोला दिसलं. एकदा त्याने अंग झाडलं, कान उलटा पडला, आणि कानामागे काहीतरी लोंबलं. तिने हात लावला. "अहो, हे काय होय? दगड लागून राहिला हाताले."

मीही हात लावला. मला केसच लागले. मऊ. मी म्हटलं, काही नाही, थोडा गुंता आहे.

आता इथं मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून केलं. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी शेजारच्या मावशी भेटल्या. विधवा बाई, मोठ्या भाविक, कुत्र्याला रोज अर्धी पोळी घालायच्या. त्यांनी कान पाहून विचारलं, काय झालं याला? मी गंभीर तोंड करून म्हटलं, "मावशी, जट आली त्याले. आधीच दत्ताच्या पायाशी बसणारी जात. आता तर पुरता देवाचा झाला."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी पदर सावरला आणि कुत्र्याला नमस्कार केला. गुरुवारी हळदकुंकू घेऊन आल्या, त्याच्या कपाळाला लावलं, आणि मला बजावून गेल्या की कात्री लावू नका. त्यांच्या माहेरी एका बाईची जट कापली होती, आणि ते घर पुढे सावरलंच नाही.

मी आठवडाभर हसलो. पण आतून मला ते सोयीचंही वाटलं. न कापायची जबाबदारी देवाने घेतली होती. बायकोने एकच वाक्य टाकलं, "आळस लपवाले आता देव लागून राहिला तुम्हाले," आणि कणीक मळायला लागली.

ऊन तापलं, कूलर निघाले, तेव्हा मी शेवटी मनावर घेतलं. सुताचा गुंता भिजवला की सैल होतो, असं लहानपणी घरात कोणीतरी म्हणताना ऐकलं होतं. कोण, कशाबद्दल, आठवत नव्हतं, पण रक्तातली विद्या आहे, तिला पुरावा कशाला. त्याला अंगणात उभं केलं, भरपूर पाणी घातलं, शॅम्पू चोळला. नंतर वरवर पुसलं आणि कूलरसमोर बसवलं. आमच्या कूलरची हवा म्हणजे निम्मं पाणीच.

दोनचार दिवसांनी पाहिलं तर गाठ लहान झालेली. मी खूश. बायकोला बोलावून दाखवलं. ती पाहत राहिली, म्हणाली, "लहान झाली की आवळली?" मी म्हटलं, एकच गोष्ट आहे.

त्यानंतर तो मान तिरपी धरायला लागला. कान पायाने खाजवायचा आणि मध्येच थांबून कुंई करायचा. मी ब्रश घेतला की उठून जायचा. मी म्हटलं, उन्हाने चिडचिडा झाला. आणि मग तो पेपरचा दिवस आला.

आधी माझा डॉक्टर. त्याने जखम धुतली, सुई दिली, कुत्र्याची लस झाली आहे का विचारलं. मग विचारलं, दुखलं किती? मी चपलेच्या गोष्टीच्या चालीवर ही पण गोष्ट सांगितली. तो हसला नाही. त्याने मला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक टाचणी घेऊन बोटांच्या टोकांना लावायला लागला. टोचलं की सांगा.

मी परीक्षेला बसलेल्या पोरासारखा अंदाजाने उत्तरं दिली. "हो. नाही. हो. आता हो. आता पण हो."

"काका," डॉक्टर म्हणाला, "मी केव्हाचा थांबलो."

डोळे उघडले तर टाचणी टेबलावर होती आणि तो काहीतरी लिहीत होता. बायको शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्या हाताकडे पाहत होती. पाय तपासले, तिथंही तेच. त्याने साखर, नसा, पायांची काळजी असं बरंच सांगितलं. मी मान हलवत होतो. घाबरायला हवं होतं, ते कळत होतं. पण भीतीसुद्धा कुठेतरी लांब, शेजारच्या घरात वाजणाऱ्या टीव्हीसारखी होती.

तिथून कुत्र्याच्या डॉक्टरकडे. तरुण बाई होती. तिने कान उचलला आणि लगेच खाली ठेवला. गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागेल म्हणाली. मग केस कापायचं मशीन लावलं, कातडीला धरून, अगदी हळू. ती गाठ एकाच तुकड्यात निघाली, जाड, दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यासारखी. आतून तपकिरी आणि ओली. वास आला. खालची कातडी लालभडक, पाझरत होती. बगलांमध्ये आणखी दोन निघाल्या. वरचे केस मात्र तेव्हाही चमकत होते.

कानाचं तिने नीट समजावून सांगितलं. गाठीने कान ओढून धरला होता, त्यात खाजवून कानाच्या पदरांत रक्त साकळलं होतं, आणि शेंड्याला रक्त नीट पोचत नव्हतं. कान राहील, शेंड्याचं सांगता येत नाही. अंघोळ घातली होती का, तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, गुंता भिजला की आणखी आवळतो, आधी विंचरायचं आणि मगच पाणी, आणि पाण्यानंतर मुळापर्यंत कोरडं करायचं. तुम्ही उलटं केलं.

मग तिने साधेपणाने विचारलं, "रोज हात फिरवता ना त्याच्यावरून? मग हाताला लागलं नाही?"

मी पट्टी बांधलेलं बोट वर केलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण बायको म्हणाली, "त्याहीच्या हाताले काही लागत नाही, डॉक्टर. आम्हाले आजच समजलं." ती कुत्र्याचं डोकं धरून बसली होती. तिचा हात त्याच्या मानेवर होता आणि तो तिने काढला नाही.

घरी आलो तेव्हा मावशी फाटकात. भादरलेला कुत्रा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "कापली?" मी म्हटलं, मावशी, ती जट नव्हती. साधा गुंता होता, मी नीट विंचरलं नाही म्हणून झाला. जट म्हटलं ती गंमत होती.

"मग तवाच नाही का सांगाचं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी गुरुवार धरून राहिली त्याच्यासाठी."

त्यांनी अर्धी पोळी त्याच्यासमोर ठेवली आणि गेल्या. मला तिथं हसू यायला हवं होतं. आलं नाही. दुसरंही काही आलं नाही.

मुलीला मीच फोन केला. बायको म्हणाली होती की मी सांगते, पण मी म्हटलं, नको. सगळं सांगितलं, न रंगवता, त्यामुळे फार लवकर संपलं. ती म्हणाली, "कान दाखवा." मी फोन कुत्र्याकडे धरला. तिने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता रागावेल. ती म्हणाली, "आता हात दाखवा, बाबा."

मी दाखवला. एका हातात फोन, दुसरा हात त्याच्यासमोर. हात पाहून काय कळणार होतं, पण तिने तो खालीवर करायला लावला, दोन्ही बाजूंनी.

कानाचा शेंडा गेला. थोडासाच. राहिलेला कान सुकून भाजलेल्या पापडासारखा आत वळला. बाकी केस परत यायला लागले. दुपारी त्याला बाहेर काढत नाही, उघडी कातडी उन्हाने भाजते. आता बायको विंचरते, कंगव्याने, मुळापासून. मी केस बाजूला धरतो आणि डोळ्यांनी पाहतो. निदान तशी वाटणी ठरली होती. पण माझा हात जवळ आला की तो पलंगाखाली जायचा. बायको केस धरायची आणि तीच विंचरायची, मी खुर्चीवर बसून कुठे राहिलं ते सांगायचो. ती म्हणायची, "समजलं वं माय," आणि मग स्वतःशीच हसायची, कारण हे ती बहिणीला म्हणते.

तो मांडीवर येत नव्हता. कूलरसमोर, माझ्याकडे पाठ करून बसायचा. मी बोलावत नव्हतो. कान वाचला एवढ्यावर गप्प बसावं असं मला वाटत होतं.

परवा संध्याकाळी तो तसाच बसला होता, माझ्या खुर्चीला लागून. पुन्हा मान किंचित तिरपी होती. बायको देवापाशी दिवा लावत होती. मी वाकलो. बोटं मुठीत घेतली, म्हणजे त्याला ती दिसू नयेत, आणि मनगटाची आतली बाजू त्याच्या कानामागे टेकवली. मनगटाला अजून कळतं. लेकराचा ताप पाहतात तसं.

त्याचं अंग आखडलं. ओठ थोडा वर गेला, दात दिसले. मी हात हलवला नाही, काढलाही नाही. तो थांबला. मीही थांबलो. तिथं गरम होतं, आजूबाजूपेक्षा जास्त.

"अवं, इकडे ये," मी बायकोला म्हटलं. "कानामागे गरम लागून राहिलं."

ती आली, खाली बसली, केस बाजूला सारले. नखाएवढा लाल डाग होता. गुंता नव्हता, पण डाग होता. "आहे खरं," ती म्हणाली, आणि कपाटातून मलम आणलं. मला वाटलं ती लावेल. तिने ट्यूब माझ्याकडे दिली.

मी मलम बोटावर घेतलं. किती घेतलं ते मला पाहूनच कळलं. हळू लावलं, पाहत पाहत, कारण दुसरा इलाज नाही. तो दात दाखवत बसून राहिला, पण गेला नाही.