एकसष्ट आणि सदुसष्ट

श्यामकांत इंगवले माझा मित्र आहे आणि गेली बत्तीस-तेहतीस वर्षं मी त्याच्यावर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी तोंडाकडे बघायला नको. माझी बायको ऊर्मिला म्हणते, तुम्हाला ॲसिडिटी नाही, तुम्हाला श्यामभावोजी झालेत.

तो मुळात मोठा. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या ट्राममध्ये दोघांच्या सीटवर एकटा बसतो आणि पुढच्या थांब्यापर्यंत शेजारच्यांची माफी मागत राहतो. दाराच्या आत येताना आडवा होऊन येतो. नोकरी गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या कंपनीत, सव्वीस वर्षं एकाच खोलीत. शहराबाहेर भाड्याच्या बागेत मेथी आणि लाल भोपळा लावतो, शेजारच्या जर्मन म्हातारीला मेथीची जुडी देतो, म्हातारी ती सशांना घालते, आणि हा पुढच्या आठवड्यात पुन्हा देतो. अशा माणसावर जळायचं म्हणजे कष्टाचं काम आहे, पण मी ते नेटानं केलं आहे.

दोघंही इथे शिकायला आलो ते एक्याण्णव साली. एकाच वोनहाईममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात, एकाच मजल्यावर, स्वयंपाकघर सामायिक. त्या स्वयंपाकघराबाहेर एक दिवस ओकर बायसन क्लबचा कागद लागला: अमेरिकन फुटबॉल, दणकट मुलं हवीत, सरावानंतर जेवण. हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातानं फेकतात, आणि फेकणाऱ्या एका पोराला वाचवायला पुढे पाच जाडे गडी भिंत धरून उभे राहतात. ती लाईन. कागद मी वाचला, जेवण मी वाचलं, आणि एकट्यानं जायला लाज वाटली म्हणून श्यामला बरोबर घेतलं. तो स्वयंपाकघरात बसून भात संपवत होता, यायला तयारही नव्हता.

ट्रेनरनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मग माझ्या मागून हा आडवा होऊन आत आला. ट्रेनरनं हातातली शिट्टी खाली ठेवली. इचलकरंजीच्या शाळेत हा कबड्डीत कोपरा धरायचा. चढाईला आलेल्या पोरांना बाहेर जाऊच द्यायचा नाही. महिन्याभरात तो सेंटर झाला, म्हणजे पाचांतला मधला, जो चेंडू मागे देतो आणि लाईनला ओरडून सांगतो की कुठे सरकायचं. त्याला एकसष्ट नंबर मिळाला. मला सदुसष्ट, आणि बाक. बीळ खणलं मी, नागोबा झाला तो.

पुढची नऊ वर्षं मी काय केलं, तर सरावात समोरच्या संघाचं सोंग घेतलं. बाकावरच्या खेळाडूंना तेच काम असतं. आमच्या लाईनसमोर उभं राहायचं, पुढच्या रविवारचा शत्रू व्हायचं, आणि श्यामकडून मार खायचा. पाडल्यावर तो हात देऊन उठवायचा आणि मराठीत विचारायचा, लागलं का रे. त्याचा मला मारापेक्षा जास्त राग यायचा.

आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही. पूर्वी लाईनच्या हाका इंग्रजीत असायच्या आणि समोरच्यांनाही कळायच्या. एकदा सरावाहून परत येताना ट्राममध्ये मी म्हणालो, अरे, डावा-उजवा मराठीतच ओरड ना, कोणाच्या बापाला कळणार आहे. पुढच्या रविवारपासून ब्राउनश्वाइगच्या मैदानावर चार जर्मन ‘डावा’ म्हटलं की डावीकडे सरकायला लागले. पेपरात आलं, श्यामकांत इंगवले यांची गुप्त भाषा. श्यामनं वार्ताहराला माझं नाव सांगितलं होतं म्हणे. त्यांनी छापलं नाही. आजही क्लबची विशीतली पोरं ‘डावा’चं ‘डाफा, डाफा’ करून ओरडतात आणि प्रेक्षकांतलं कोणीतरी शेजाऱ्याला सांगतं, हे आमच्या श्यामनं शिकवलं.

आता नव्याण्णव सालची सेमीफायनल. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दिवसभर पाऊस होता, मैदानाचा चिखल झालेला. सामना संपायला दोन मिनिटं, आम्ही तीन गुणांनी पुढे, चेंडू आमच्याकडे. तेवढ्यात श्यामच्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी तुटली. नियमानं त्याला बाहेर यावं लागलं, एका खेळापुरतं, म्हणजे चेंडू एकदा मागे देऊन तो थांबेपर्यंत. दुसरा सेंटर घोट्याला प्लास्टर घालून घरी बसला होता. ट्रेनरनं बाकाकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली.

मी चेंडूवर वाकलो. डाव्या हाताला त्यांचे तीन गडी गोळा झालेले मला स्वच्छ दिसले. लाईनला डावीकडे सरकवायचं, एवढंच काम. पण नऊ वर्षं मी पलीकडच्या बाजूला उभा राहिलो होतो. श्याम ‘डावा’ ओरडला की माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत माझ्या उजव्या हाताला जायची, आणि ‘उजवा’ ओरडला की डाव्या. हजारो वेळा तेच पाहिलेलं. लाईन माझ्या डाव्या हाताला जायला हवी, एवढंच डोक्यात होतं, आणि तोंडातून आपोआप निघालं, उजवा.

चारही गडी इमानदारीनं उजवीकडे गेले. डावीकडून ते तिघे मोकळे आत आले, फेकणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला, त्यांनी उचलला आणि पळत जाऊन गुण मिळवले. आम्ही हरलो. फायनल गेली.

चिखलानं दोघांचेही नंबर झाकले होते. माईकवरच्या माणसानं एकसष्ट म्हटलं. पेपरानं लिहिलं, इंडियन सेंटरची घातक चूक. मैदानावर दोन इंडियन असतील हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. श्यामनं काही खुलासा केला नाही, कारण लाईनचा एक जुना नियम होता: चूक कुणाची, हे लाईनच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्या चौघांनीही तो पाळला. मीही गप्प बसलो. पण मी नियमासाठी गप्प नव्हतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. एवढ्या चांगल्या माणसाला एक तरी डाग हवा की नाही? तो डाग मी पंचवीस वर्षं जपून ठेवला. श्यामनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

यंदा क्लबला चाळीस वर्षं झाली. फॅनक्लबनं ठरवलं, सर्व काळातल्या सर्वोत्तम लाईनची पाच नावं पितळी पाटीवर कोरून मैदानाच्या दारावर लावायची. पळणाऱ्यांचे गज मोजलेले असतात, फेकणाऱ्यांचे चेंडू मोजलेले असतात. लाईनच्या माणसांचं कोणी काही मोजत नाही. त्यामुळे फैसला नुसत्या आठवणींवर आणि आवाजावर. ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी, सामना संपल्यावर, क्लबच्या बिअरखान्यात सभा ठेवली.

श्यामला मीच गाडीतून नेलं. त्याचे दोन्ही गुडघे गेलेत, पुढच्या महिन्यात एक बदलायचा आहे, त्यामुळे सामन्यांना मीच नेतो आणि मीच आणतो. वाटेत तो खिडकीबाहेर बघत होता. मग एकदम म्हणाला, “राजन, पाटीवर नाव लागलं ना, तर मला बरं वाटेल रे.” या माणसानं कधी जास्तीची पोळी मागितली नव्हती. मी ब्लिंकर लावला आणि क्लबच्या रस्त्याला वळलो.

बिअरखान्यात पंचवीसेक माणसं होती. फळ्यावर चार नावं अर्ध्या तासात लागली आणि उरला सेंटर. एकीकडे श्याम, दुसरीकडे त्याच्यानंतर आलेला योखेन, जो आता शेजारच्या वोल्फेनब्युटेल गावात दाताचा डॉक्टर आहे आणि सभेला फिरकलाही नव्हता. फॅनक्लबचा प्रमुख हाइनर, निवृत्त पोस्टमन, श्यामच्या बाजूनं बोलला: ती गुप्त भाषा, ती भिंत, मोडलेल्या बोटानं खेळलेले ते तीन सामने. दुसऱ्या टेबलावरून कोणी म्हणालं, योखेन बारा वर्षं खेळला, दोनदा विजेतेपद आणलं. त्यावर हाइनर म्हणाला की योखेनच्या वेळेला पळणाराच असा होता की पुढे नुसती कुंपणं उभी केली असती तरी चाललं असतं. मग आवाज चढले. एका गृहस्थानं मिठाच्या आणि मोहरीच्या बाटल्या मांडून एक खेळ समजावून सांगायला घेतला, तर दुसऱ्यानं मधली बाटली उचलून सॉसेजवर ओतली.

श्याम कोपऱ्यात आपफेलशोर्ले, म्हणजे सोड्यातला सफरचंदाचा रस, घेऊन बसला होता. कोणी योखेनचं कौतुक करे, तर हा मान हलवून म्हणे, “या, या. गेनाऊ.” म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. स्वतःच्या उमेदवारीचं असं वाटोळं करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग फ्राऊ ब्रांडेस बोलल्या. ऐंशी वर्षांच्या, पहिल्या सामन्यापासून प्रत्येक सामना विणकाम करत बघितलेल्या. त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. विणकाम खाली न ठेवता त्या म्हणाल्या की योखेन श्यामइतका बलवान नव्हता हे मान्य, पण त्यानं हातची फायनल घालवली नाही. नव्याण्णवची ती हाक त्या विसरलेल्या नाहीत. खोलीतल्या माना हलल्या. हाइनरनं खडू खाली ठेवला.

मी श्यामकडे पाहिलं. तो ग्लास दोन्ही हातांत धरून टेबलाकडे बघत होता. आता नाव जाणार हे त्याला कळलं होतं.

त्यानंतर मी उभा राहिलो. कोणी म्हणेल, मित्रासाठी उभा राहिला. तसं असतं तर मी इथे मान वर करून लिहिलं असतं. मी उभा राहिलो कारण मला मत्सर अनावर झाला. सगळी खोली त्या एका खेळाबद्दल बोलत होती, पंचवीस वर्षं बोलत होती, आणि तो खेळ माझा होता. माझ्या आयुष्यातला मैदानावरचा एकुलता एक खेळ. हाकांची कल्पना त्यानं नेली, जागा त्यानं नेली, आणि आता माझी चूकसुद्धा त्याच्याच नावावर. निदान ती तरी मला द्या की.

“ती हाक श्यामची नव्हती,” मी जर्मनमध्ये म्हणालो. “मी होतो. नंबर सदुसष्ट.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फ्राऊ ब्रांडेसनी चष्मा वर केला आणि नीट निरखून विचारलं, “तुम्ही तर श्यामला गाडीतून आणता ना? तुम्हीही खेळायचात?”

तीस वर्षं मी त्या टेबलावर बिअर पितो आहे. हाइनर भिंतीवरच्या नव्याण्णवच्या फोटोपाशी गेला, बराच वेळ शोधलं, आणि शेवटच्या रांगेत श्यामच्या खांद्यामागे माझा अर्धा चेहरा सापडला. नंबर दिसत नव्हता. “असेल,” तो म्हणाला. मग हसून माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाला, मित्र असावा तर असा, स्वतःवर घेतो. लोकांनी टेबलं वाजवली. मी ओरडून सांगत होतो की खरंच मी होतो, पट्टी तुटली होती, एका खेळापुरतं. तर ते आणखी जोरात टेबलं वाजवत होते.

फ्राऊ ब्रांडेस मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि श्यामला विचारलं, “खरं आहे का हे? तुम्ही हो म्हणालात तर मी तुम्हाला मत देईन.” त्यांच्यामागे निम्मी खोली हात वर करणार हे सगळ्यांना माहीत होतं. एक ‘या’ पुरे होता. दुपारभर तो उठसूट तेच तर म्हणत होता.

श्यामनं माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लास खाली ठेवला.

“मला आठवत नाही,” तो म्हणाला.

हात वर झाले. योखेन चौदा, श्याम दहा. दहातला एक माझा, आणि माझा हात सगळ्यांत शेवटी खाली आला. श्यामनं योखेनला मत दिलं होतं. हाइनरनं फळ्यावर योखेनचं नाव लिहिलं, कोणीतरी त्याला फोन लावला, तो कुणाच्या तरी मुंजीसारख्या कार्यक्रमात होता आणि नंतर बोलतो म्हणाला.

गाडीत बसताना श्यामला नेहमीसारखा वेळ लागला. आधी पाठ, मग एक गुडघा, मग हातानं उचलून दुसरा. मी दार धरून उभा होतो आणि मला इतका संताप आला होता की दार त्याच्या पायावर आपटावंसं वाटत होतं. मी म्हणालो, “नुसतं हो म्हणायचं होतं. खरं तेच तर होतं. तुला हवं होतं ना ते?”

“हवं होतं की,” तो म्हणाला. पट्टा ओढला, तो त्याच्या पोटावरून नेहमीच कमी पडतो, मी वाकून लावून दिला. मग तो म्हणाला, “पण लाईनमधल्याचं नाव बाहेर सांगायचं नसतं ना राजन. ठरलं होतं आपलं.”

मी दार लावलं आणि पलीकडून येऊन स्टिअरिंगमागे बसलो. नऊ वर्षं मी बाकावर होतो, आणि त्याच्या हिशेबी लाईनमध्ये. त्या पाटीपेक्षा त्याला तेच महत्त्वाचं वाटलं होतं, आणि तेही न सांगता, पंचवीस वर्षं. मी असतो तर हो म्हणालो असतो. एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो असतो, आणि हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

इतकी वर्षं जळलो, पण त्या दुपारी त्या गाडीत मला त्याचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.