आजीचं व्हायचंय अजून

जुन्याला निरोप देण्याच्या बाबतीत आमच्या साडूभाऊंइतका चेंगट माणूस भोर-वेल्ह्यात शोधून सापडायचा नाही. त्यांच्या ओट्यावर नवा मिक्सर येऊनही जुना तिथेच आहे आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून दर रविवारची चटणी त्याच्यातच होते. शिवऱ्याहून येणाऱ्या पाहुण्यांना ते आजही वडाच्या झाडापाशी वळायला सांगतात. ते झाड रस्ता रुंद करताना केव्हाच गेलं. पाहुणा भलतीकडे पोचून फोन करतो, तेव्हा हे म्हणतात, "झाड गेलं, पन वळण तर हाय न्हवं?"

आता असा माणूस पोटापाण्याला काय करत असेल? तर आंबवड्यात बसून संगणकाचं काम. प्रोग्राम लिहायचा एक एडिटर त्यांनी तीन तरुण भागीदारांबरोबर बनवला आहे. प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली की बाकीचे एडिटर जुनीला ओळख दाखवत नाहीत. तिच्या चांगल्या ओळींखाली लाल रेघा मारत सुटतात. साडूभाऊंच्या एडिटरात मात्र सगळ्या जुन्या आवृत्त्या सुखाने नांदतात आणि त्यांची उस्तवार करता करता भागीदारांच्या नाकी नऊ येतात.

शेवटी देवळाच्या भंडाऱ्यात, पंगतीतच, त्यातल्या थोरल्याने तोंड उघडलं. "दादा, सगळ्यात जुनी आवृत्ती आता एकच मानूस वापरतोय. ती काढा, न्हाईतर आमी तिघंबी दुसरं काम बघतो."

साडूभाऊंचा चेहरा उतरला. तिघं गेले तर एडिटरच बंद पडणार होता. त्यांनी हनुवटीने पंगतीच्या टोकाकडे खूण केली. तिथे दात नसलेली एक आजी खिरीत पुरी भिजवत निवांत जेवत होती. बाकी सगळ्यांचे हात वाळले होते, तरी रिवाजाप्रमाणे कुणी उठलं नव्हतं.

"उठा की मग," साडूभाऊ म्हणाले. "आजीचं व्हायचंय अजून."

तिघंही बसून राहिले. पुढे तो विषय निघाला नाही.

ती जुनी आवृत्ती वापरणारा तो एकुलता एक माणूस म्हणजे परदेशातले कुणी म्हातारे मास्तर. त्यांच्या तक्रारींना साडूभाऊ ज्या तत्परतेने उत्तर देत, त्या तत्परतेने त्यांनी सासऱ्यांचा फोनही कधी उचलला नसेल. गेल्या महिन्यात मास्तरांनी कळवलं की त्यांनीही सगळं काम नव्या आवृत्तीत नेलं, आता जुनी खुशाल काढा. भागीदारांनी पेढे आणले. साडूभाऊंनी स्वतःच्या हाताने ती काढून टाकली.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा पेढा त्यांच्यापुढे तसाच होता.

"सुटलात की एकदाचे," मी म्हणालो.

"व्हय. तसं बेस झालं." मग पेढ्याकडे बघत म्हणाले, "मास्तरांचं पोट भरलं असंल ना?"

मला एकाएकी या माणसाची फार माया वाटली. मी पेढ्याचा अर्धा तुकडा उचलला. ते उठून आत गेले आणि जुन्या मिक्सरची घरघर सुरू झाली. त्या दिवशी रविवार नव्हता.