काचेपलीकडचे दादा

आमचे दादा माझ्याशी कधी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं हं! ते माझे भाया, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि आमच्यात भायानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडावर बोलायचं नाही, तिनं पदर घेऊन आडोशाला राहायचं. मस्तगडच्या गल्लीत आमच्या तीन खोल्या, आडोसा आणायचा कुठून? मंग दादा खांबाशी बोलायचे. "आज मीठ जास्त पडलं वाटतं." मी चुलीला सांगायची, "दही हाय म्हणावं." चाळीस वर्षं असं चाललं, बिलकुल बराबर.

एसटीत ड्रायव्हर होते, वडीगोद्रीच्या गाडीवर. म्हातारं माणूस पळत येताना दिसलं की गाडी थांबवायचे. कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "तुमची माय न्हाई का म्हातारी होणार?" अशाच एका म्हातारीचं पोतं उतरवायला टपावर चढले आणि शिडीच्या दांड्यावर पाय फाकून आदळले. जागा अशी की कुणाला सांगता येईना. तिसऱ्या दिवशी परत स्टिअरिंगवर.

ते दुखणं आतल्या आत वाढत गेलं. पुढं रिटायर झाल्यावर लघवी दोऱ्यासारखी व्हायला लागली, मंग तुंबलीच. डॉक्टरांनी पोटातून नळी बाहेर काढून पिशवी लावली. दादांनी मधली खोली धरली आणि दार लोटून घेतलं. माझ्या मुलाच्या लग्नालासुद्धा आले नाहीत. "पिशवी घेऊन वरातीत नाचू का?" हे दाराला. सगळा जिल्हा पालथा घातलेला माणूस, वरीसभर गल्ली पाहिली नाही.

जाऊबाई कधीच गेल्या होत्या, आमचे हेही आदल्या साली गेले, मुलगा नोकरीला लांब. म्हणून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "साध्या फोटोत रस्ता नुसता बंद दिसतो. या मशीनमध्ये लघवी चालू असतानाच चित्र दिसतं, हलतं. किती भाग आवळलाय ते कळलं तर ऑपरेशन ठरवता येईल. नाहीतर पिशवी तशीच राहील."

नळीतून ओटीपोटात पाणी भरलं, अंगाखाली कपडे अंथरले आणि दादांना त्या बोगद्यात सरकवलं. मी काचेच्या अलीकडं. आत धडधड आवाज, आणि स्पीकरमधून दादांचा श्वास.

"काढा मला भायेर! जीव कोंडला."

"आजोबा, फक्त लघवी सोडा," मशीनवाला म्हणाला.

"आडवं पडून कोण मुततं रे?"

दोनदा बाहेर काढलं, दोनदा आत घातलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "आजी, आता शेवटचं. तुम्ही बोला त्यांच्याशी, माईकवर."

"मी न्हाई बोलत त्यांच्याशी."

"अहो, आता तरी राग सोडा!"

मी पदर पुढं ओढला, काचेतून दादांचे नुसते तळपाय दिसत होते तरी. माईकपाशी तोंड नेलं. पोरांना ओट्यावर बसवून करायची तसं निघून गेलं तोंडातून, "शूऽऽऽ…"

आतून आवाज आला, "ल्हान पोरगं केलं का मला?"

मलाच विचारलं होतं त्यांनी. मला!

"मंग काय करू, दादा? इथं खांब बी न्हाई."

दादा हसले. खोकत, दम लागेपर्यंत हसले. "आजोबा, हलू नका!" मशीनवाला ओरडला, आणि तेवढ्यात पडद्यावर पोटातली लघवीची भोपळ्यासारखी पिशवी खालून उघडली. पांढरी धार उतरली, एका जागी आवळून केसाएवढी झाली, आणि पलीकडं निघाली. मी मान खाली घालायला पाहिजे होती. न्हाई घातली.

"एवढंच बोटाचं पेरभर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढून जोडता येईल."

आलं जोडता. दादा परत मस्तगडपासून स्टँडपर्यंत हिंडायला लागले. पण माझ्यापुढून जाताना मान वळवायचे, पहिल्यापेक्षा जास्त. त्यांना लाज, मला संकोच. आज बोलेन, उद्या बोलेन म्हणत चार वर्षं गेली.

दादांच्या शेवटच्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. त्यांनी माठाकडं बघितलं. मी उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजलं. पाच चमचे. त्यांचे ओठ हलले, मी थांबले. मीही तोंड उघडलं. मंग त्यांनी मान भिंतीकडं केली, आणि मी चमचा पेल्यात ठेवला.